टेअर वजा जाता

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भरदुपारी गाडीसकट माल तोलणाऱ्या भुईकाट्यावरून चिठ्ठी निघते. तीन आकडे: ग्रॉस म्हणजे एकूण वजन, टेअर म्हणजे त्यातून वजा जाणारं रिकाम्या पोत्यांचं किंवा गाडीचं, नेट म्हणजे उरलेलं मालाचं. पहिल्याकडे कुणी फारसं बघत नाही, तिसऱ्यावर पट्टी, म्हणजे पैशांचा हिशेब, होते आणि भांडणं सगळी मधल्यावरून.

हा टेअर इंग्रजीत पंधराव्या शतकात आला, फ्रेंच-इटालियन व्यापाऱ्यांच्या तोंडून. त्यांनी तो उचलला अरबांकडून. मूळ 'तर्ह', म्हणजे टाकून देणं. अरबीत वजाबाकीला आजही हेच म्हणतात. आणि हाच तर्ह फारसीतून वळसा घालून आपल्याकडे 'तऱ्हा' होऊन कधीचा बसलाय. तेव्हा टेअर तऱ्हेवाईक निघाला तर दोष कुणाला द्यायचा?

टाकून द्यायचं ते बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, वजन. पन्नास किलोचं नवं तागाचं पोतं साधारण ५८० ग्रॅम भरतं. प्लॅस्टिकचं त्याच्या पाव वजनाचंही नसतं. सरसकट पोत्यामागे किलो धरला, तर तागाच्या शंभर पोत्यांत ४२ किलो सोयाबीन फुकट गेलं. आधी चार-पाच रिकामी पोती एकत्र तोलून सरासरी काढावी. भिजलेलं पोतं यात घालू नये, ताग पाणी फार पितो.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामं पोतं ठेवून टेअरचं बटण दाबलं की शून्य येतं. मग ते पोतं उचलून बघावं: आकडा उणे ०.५८० च्या आसपास हवा. उणे एक दिसला तर समजावं, वजाबाकी जास्तीची चाललीय. मध्ये वीज गेली तर बटण पुन्हा दाबून घ्यावं.

भुईकाट्याची पथ्यं वेगळी: भरल्या गाडीत ड्रायव्हर बसलेला असेल, तर रिकामीतही बसलेला हवा. आरसी बुकातलं वजन टेअर म्हणून धरू देऊ नये. नंतर बसवलेल्या फळ्या, ताडपत्री, दोरखंड त्यात नसतात. दोन्ही वजनांच्या मध्ये डिझेल भरू नये, शंभर लिटर म्हणजे ८३ किलोच्या घरात.

पावसाळ्यात मात्र काळ्या रानातला चिखल टायरांना लागून काट्यावर चढतो, माल उतरेपर्यंत निम्मा आवारात गळतो आणि रिकामी ट्रॉली हलकी भरते. तेवढा चिखल सोयाबीनच्या भावानं जातो. त्याची तक्रार शेतकरी कशाला करील!