हात कुणाचे

रात्रीचे दीड वाजलेत आणि झोप नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण जागतं असं वहिनी म्हणेल, आणि गोष्ट तिचीच आहे.

आमच्याकडे शूटिंग झालेला पिक्चर मोबाइलवर आला एकदाचा. थिएटरला लागला तेव्हा अण्णांना सोडून मुंबईला जाणं शक्यच नव्हतं, त्या दिवसांबद्दल मला लिहायचंही नाही. पिक्चरचं नाव लिहीत नाही, गुहागरात सगळ्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना कळून काय करायचंय. तर आज जेवणं झाल्यावर माजघरात मोबाइल डब्याला टेकवून आम्ही तिघं बसलो. वहिनी काही धड बसली नाही, मधेच विरजण लावलं, मधेच भांडी. पण मोदकांचा सीन आला तेव्हा ओल्या हातांनी येऊन उभी राहिली. आणि शेवटी नावांच्या पाट्या सुरू झाल्या तेव्हा परत आली, म्हणाली, "बघ गो, आहे का." बस्स एवढंच. पदराला हात पुसत, सहज विचारल्यासारखं. मी म्हटलं थांब, येईल. कलाकार झाले, संगीत झालं, आणि मग ती अक्षरं आक्रसून एका कोपऱ्यात गेली, नखाएवढी, आणि बाकीच्या स्क्रीनवर दुसऱ्याच कुठल्यातरी पिक्चरची जाहिरात, पाच, चार, तीन. मी बोट लावेपर्यंत तो सुरूसुद्धा झाला. वहिनी म्हणाली, "राहू दे, त्या बारक्या अक्षरांनी डोळे दुखतात," आणि आत गेली.

नंतर मी एकटीने मागे नेऊन, थांबवून थांबवून सगळं वाचलं. लाइटवाल्यांची नावं आहेत, जनरेटरवाल्याचं आहे, गाड्या चालवणाऱ्यांची आहेत, आणि ती असायलाच हवीत, रात्र रात्र राबलेत ते. मग विशेष आभार, त्यात एक हॉटेल, एक देवस्थान, आणि सगळ्यात खाली 'समस्त ग्रामस्थ'.

म्हणजे यात वहिनी आली.

ज्यांनी बघितलाय त्यांना तो सीन आठवत असेल. हिरोइन पडवीत मोदक वळत बसलीय, हिरो गावाला कंटाळून बॅग भरून निघालाय, जाता जाता दारात थांबतो, तिच्या हातांकडे बघतो, आणि तिथून पुढे पिक्चर फिरतो. कालच हिरोइनची मुलाखत बघितली, त्यात ती म्हणाली मी कोकणात राहून दोन दिवसांत मोदक शिकले. खाली सगळ्यांनी लिहिलंय काय सुंदर हात, किती नाजूक कळ्या, मराठी मुलगी शोभतेस. मी ते वाचत गेले आणि माझ्या पोटात काहीतरी तुटत गेलं, कारण ते हात वहिनीचे आहेत.

हिरोइनला वळता येत नव्हते यात तिचा काही दोष नाही. उकडीचे मोदक दोन दिवसांत कुणाला येतात? बिचारीने खूप प्रयत्न केला, पारी फाटायची, कळ्या एकमेकींना चिकटायच्या, आणि डायरेक्टर घड्याळ बघत होते कारण ऊन उतरत होतं. मग कॅमेरामनच म्हणाले, क्लोजअपला हात दुसरे घेऊ. वहिनी तेव्हा चुलीपाशी होती, तिला अक्षरशः ओढून आणलं. ड्रेसदादांनी हिरोइनच्या बांगड्या काढून तिला घातल्या, त्या बसेनात, साबण लावून चढवल्या. साडीचा काठ तेवढाच दिसणार म्हणून तो मांडीवर पसरला. तिच्या अंगठ्याजवळ तो जुना भाजल्याचा डाग आहे ना, त्यावर मेकअपदादा किती वेळ स्पंजने रंग थापत होते, आणि वहिनी हात पुढे करून बसलेली, मान वळवून, जसं दवाखान्यात सुई घेताना बसतात तसं.

आणि मग तिने वळायला घेतलं. तेलपाण्यात बोटं बुडवली, गोळा तळहातावर घेतला, अंगठा आत आणि बाकीची बोटं बाहेर, पारी फिरत गेली तशी पातळ होत गेली. सारण भरलं. मग कळ्या, चिमटीत धरून एकेक, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी सगळ्या एकत्र आणून टोक. त्या वेळी पडवीत एवढी माणसं होती पण कुणी हललं नाही. फोकस सांभाळणारा मुलगा नंतर मला म्हणाला की बोटं इतकी एका लयीत फिरत होती की मला फोकस शोधायलाच लागला नाही.

लाइटच्या झळीने उकड सुकायची, पारीला चिरा पडायच्या, म्हणून दर थोड्या वेळाने ती आत जाऊन नवीन उकड काढून, मळून आणायची. अँगल बदलला की परत पहिल्यापासून. असिस्टंट मुलगी मोबाइलवर फोटो काढून ताटात मोदक किती, तोंड कुठे, कळ्या किती हे जुळवत बसलेली, कंटिन्यूटी म्हणतात त्याला, एक मोदक जास्त झाला तरी पुढचा शॉट जुळत नाही. फ्रिज बंद, पंप बंद, कारण आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड होत होता. शेवटी साऊंडवाल्याने सगळ्यांना अर्धा मिनिट नुसतं गप्प उभं केलं, खोलीचा आवाज घ्यायचा असतो म्हणे, एडिटिंगला मधल्या फटी भरायला. तो म्हणाला होता तुला पाठवीन तो आवाज. असो.

आणि हिरो? हिरो त्या दिवशी नव्हताच. त्याचं ते बघणं दुसऱ्या दिवशी घेतलं, समोर ना मोदक ना हात, कॅमेऱ्याच्या शेजारी एक असिस्टंट मूठ वर धरून उभा होता, सर इथे बघा, मूठ जरा खाली, हां. त्या मुठीकडे बघून त्याने जे काही डोळ्यांत आणलं ते मी दोन हातांवरून बघितलंय, आणि खोटं का बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. फार मोठं काम आहे ते. हिरोइनचा हसण्याचा शॉट तर आदल्या दिवशीचा. तीन वेळचे तीन तुकडे एडिटरने असे जोडले की आज माजघरात अण्णासुद्धा म्हणाले, पडला हो प्रेमात. इतक्या माणसांनी मिळून ते प्रेम तयार केलं, आणि मधला तुकडा, ज्याच्यावर सगळं उभं आहे, त्याच्यापुढे नाव नाही.

मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले लताबाईंचं नव्हतं का तसं झालं. 1949चा 'महल', मधुबालाचं ते गाणं, तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. आवाज कुणाचा हे रेडिओला लोकांनी विचारून विचारून सोडलं, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. अण्णांना वाटलं मला बरं वाटेल. पण मला उलटंच वाटलं, आवाज ऐकून लोक विचारतात तरी कुणाचा, हात बघून कोण विचारतं?

मग आठवलं की हे पहिल्यापासूनच असं आहे. 1913ला फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले, हॉटेलात कामाला असलेला माणूस. त्यांचं नाव शाळेतल्या पोरांनाही सांगता येतं. आणि सरस्वतीबाई फाळके, साठ-सत्तर माणसांचं जेवण रांधायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. आपल्याकडे जो मुलगा दिवसभर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून खळ्यात उभा होता त्याचं काम ते. त्या मुलाचं नाव मात्र आज पाटीवर आहे, मी बघितलं, बरं वाटलं. वहिनीने तर दोन्ही केलं, जेवणही आणि हातही. जनरेटरची गाडी दाभोळहून धोपाव्याच्या फेरीबोटीतून यायची होती, भरतीची वेळ, उशीर झाला, तेव्हा अख्ख्या युनिटला तिने कुळथाचं पिठलं आणि भात घातला होता. ते कुणाला आठवणार.

स्वतःला समजवायलाही बघितलं मी. आम्हा दोघींचा आवडता 'मुंबई-पुणे-मुंबई', 2010चा पहिला, त्यात तर अख्ख्या पिक्चरमध्ये त्या दोघांना नावंच नाहीत, दिवसभर पुण्यात फिरतात आणि एकमेकांना नाव सांगत नाहीत. गौतम आणि गौरी ही नावं कळली ती दुसऱ्या भागात, 2015ला. मग नाव नसलं म्हणून काय बिघडलं? पण नाही, तिथे नाव पात्राला नाही. स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे पाटीवर आहेत, सतीश राजवाडे आहेत. नाव नसलेलं पात्र नाव असलेल्या माणसांनी उभं केलं. आमच्याकडे नेमकं उलटं.

आपल्या उत्सवातलं नाटक आठवतंय का? पडदा उघडायच्या आधी माइकवरून सगळं वाचतात, भूमिका, रंगभूषा, पडदे ओढणारे, खुर्च्या कुणाच्या, चहा कुणाकडचा, आणि लोक थंडीत शाली गुंडाळून ते सगळं ऐकतात, आपल्या घरातलं नाव आलं की पोरं टाळ्या वाजवतात. जाखडीतही शेवटच्या कडव्यात शाहीर गुरूचं नाव घेतो, स्वतःचं घेतो, गावाचं घेतो, त्याशिवाय गाणं संपत नाही. मला वाटतं म्हणूनच मला हे इतकं लागलंय, आपल्याकडे चहा देणाऱ्याला नाव असतं.

आणि दादा. दादाला मी फोन केला होता मधल्या वेळात, म्हटलं बघ, वहिनी दिसतेय. तो म्हणाला कुठे दिसतेय. पुढे काही बोलले नाही मी. इतकी वर्षं त्याने ते हात... जाऊ दे.

झोपते.

---

दुपार. सकाळी मी वहिनीला म्हटलं, मी लिहिते त्यांना, त्या प्रॉडक्शनच्या माणसाचा नंबर आहे माझ्याकडे, आणि इथेही लिहिते तुझ्या नावासकट, लोकांना कळू दे. ती सुपारी सोलत होती. एकदम थांबली. म्हणाली, "माझं नाव नको हो टाकूस कुठे. ह्यांना कळलं तर उगाच." मी भांडले तिच्याशी. म्हटलं काल मग का विचारलंस, आहे का म्हणून. तर म्हणाली, "विचारलं. असतं तर बरं वाटलं असतं. नाही तर नाही." आणि परत सोलायला लागली.

मला रडू आलं, खरं सांगते, तिच्यासाठी आलं की माझ्यासाठी हे मला कळलं नाही. म्हणून इथे तिचं नाव नाही. तिने नको म्हटलंय, ते मी मोडणार नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, लाव बघू परत तो सीन. लावला. चष्मा लावून, मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून बघत होती, मी तिच्या चेहऱ्याकडे. तर म्हणते, "थांबव. हा बघ, ताटातला मागचा, टोक कललंय. उकड गार झाली होती तेव्हा. मी त्यांना सांगितलं होतं हा काढा म्हणून, तरी ठेवलान." आणि मग मला समजावून सांगायला लागली की त्यांचं चुकतं कुठे, लाइट आधी लावून ठेवतात आणि मग उकड मागतात, त्यापेक्षा सगळं बंद ठेवायचं, कॅमेरा तयार ठेवायचा, उकड मळून झाली की मी हाक मारेन, तेव्हा लाइट लावायचे, पहिले चार मोदक एकदम गुळगुळीत येतात, तेवढ्यात काय ते घ्यायचं. नारळपण कोवळा दिला होता त्यांनी, सारण पाणी सोडत होतं.

तिला एवढं बोलताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं. कालपासून माझ्या मनात जे चाललं होतं त्यातलं काहीच तिच्या मनात नव्हतं असं नाही, पण तिच्यासाठी ते काम अजून चालूच होतं, ते टोक तिला टोचत होतं, आणि मी पाट्या वाचत बसले होते. माझा राग गेलेला नाही. त्या माणसाला मी आज मेसेज केलाय, नाव न घेता, फक्त एवढंच की क्लोजअपमधले हात तुमच्या हिरोइनचे नाहीत हे तिने एकदा कुठेतरी सांगावं. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.

वहिनीला सांगितलं तेव्हा म्हणाली, "आणि हेही लिही, पुन्हा कुणी शूटिंगला आलं तर नारळ आमच्या बागेतला घ्या. आणि पैशाचं मी बोलेन, तू मधे पडू नकोस."