पेन वाजलं तेवढ्यावर

शहापूरच्या सराफ गल्लीत बावीस वर्षं मी खडे बसवतोय. खडे फुटले, हरवले, गिऱ्हाइकांच्या शिव्याही खाल्ल्या. पण परवा गुरुजी आणि बाई येऊन गेले, त्याची टोचणी अजून गेली नाही.

गुरुजी खानापूरकडचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशातून त्यांनी बाईंना हिऱ्याची अंगठी केली. दुकान आमच्या गल्लीतलं नव्हे. महिन्याभरात, ऐन दिवाळीच्या गर्दीत, ती माझ्याकडे दाखवायला आणली होती. मी टेस्टर टेकवला; आम्ही त्याला पेनच म्हणतो. पीं करून वाजलं. "खरा आहे, गुरुजी." पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. डोळ्याला लूप, म्हणजे भिंग, मात्र लावला नाही.

आता बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून अंगठी मोडायची होती.

"बिल, सर्टिफिकेट आणलंय?"

पिशवीतून सील केलेलं पाकीट निघालं. दुकानात सांगितलं होतं म्हणे, परत द्यायचं झालं तर सील शाबूत लागेल. म्हणून जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाने ते उघडलंच नव्हतं. मी फोडलं. नेटका कागद, कुठे लपवाछपवी नाही. वरच्याच ओळीत इंग्रजीत छापलेलं: लॅबोरेटरी ग्रोन, म्हणजे कारखान्यात बनवलेला. खाली वजन ०.५२ कॅरेट, म्हणजे ५२ सेंट; रंगाची प्रत एफ, क्लॅरिटीची, म्हणजे स्वच्छतेची, व्हीएस-वन. बिलावर नुसतं 'डायमंड'. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याची लावलेली.

आता लूप लावला. दहापट मोठं दिसतं त्यात. हिऱ्याची कड, म्हणजे गर्डल, फिरवत फिरवत बघितली. खडा धरणाऱ्या एका नखाआड लेझरने कोरलेली बारीक अक्षरं दिसली: एल, जी, मग आकडे. कागदावरचा नंबर तोच. लॅबच्या वेबसाइटवर घातला, तिथेही तेच.

"म्हणजे खोटा?" बाई.

"नाही बाई. हिराच आहे."

हे समजावताना मलाच घाम फुटला. कारखान्यातला हिराही कार्बनचाच. कडकपणा तोच, चमक तीच. माझं पेन फक्त उष्णता किती झटकन पसरते ते बघतं, त्यामुळे दोघांनाही सारखंच वाजतं. मॉयसनाइटलासुद्धा वाजतं, आणि तो तर हिराच नव्हे. तो निदान लुपातून तिरका बघितला तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. खाण की कारखाना, हे मात्र लूपही सांगत नाही. त्याला लॅबच लागते, नाहीतर कडेवरची ती अक्षरं वाचायची.

गुरुजी म्हणाले, "२०२३ साली मोदींनी बायडेनबाईंना दिला, तो असलाच ना?"

"हो, साडेसात कॅरेटचा."

"मग मोडायला काय अडचण?"

अडचण अशी, की कारखान्यातल्या हिऱ्याचे भाव घसरत गेलेत आणि आमच्या गल्लीत तो परत कुणी घेत नाही. खाणीतलाही घेतल्या भावात जात नाही, पण काहीतरी येतं. इथे उरलं ते सोनं.

"हॉलमार्क आहे बघ बाबा," गुरुजींनी आतली बाजू दाखवली. ७५०, म्हणजे १८ कॅरेटचा शिक्का, आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, होता. पण तो सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल अवाक्षर नाही. तराजूवर अंगठी भरली ३.४०० ग्रॅम. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा हिऱ्याचे ०.१०४ वजा करून सोनं ३.२९६. बिलात सोन्याच्या रकान्यात मात्र सरळ ३.४०० लिहिलेले. हिराही सोन्याच्या भावाने मोजला, वर हिरा म्हणून वेगळा मोजला. १८ कॅरेट असल्याने शुद्ध सोनं पाऊण हिस्सा, जेमतेम अडीच ग्रॅम.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, पाटल्या करूया," बाई पुटपुटल्या. गुरुजी गप्प. मीही गप्प, कारण त्याच महिन्यात मी लूप लावला असता तर बिल घेऊन त्या दुकानात भांडायला तोंड होतं.

ते मी बोलून दाखवलं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, वर्गात बघतात तसं. "सोन्याचे पैसे नकोत. ठेव म्हणते ही."

बाईंनी अंगठी पुन्हा बोटात घातली. पुढे लेकीकडे जाईल, तर तिला तरी ठाऊक असावं म्हणून त्यांनी चिठ्ठी मागितली. मी लिहिलं, 'हिरा खरा आहे, ५२ सेंट,' आणि सही केली. गुरुजींनी चष्मा चढवला, खिशातलं पेन काढलं, 'आहे'नंतर काकपद घातलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: 'पण खाणीतला नव्हे'.