जळका वास

आज माजिवड्याच्या सिग्नलला बसमध्ये जळक्या रबराचा वास आला. सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली आणि परत मोबाईल. मीपण! (आणि म्हणे एम. ए. सायकॉलॉजी.)

१९६८ साली लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून मुद्दाम एका खोलीत धूर सोडला होता. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोन माणसं ठरवून ढिम्म बसवली, तर फक्त १० टक्के. बाकीचे निवांत आहेत म्हणजे काही नसेल, असं प्रत्येकालाच वाटतं. यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय मी!

शेवटी मांडीवर मेथीच्या जुड्या घेतलेल्या मावशी ओरडल्या, "अहो कंडक्टर, काहीतरी जळतंय!"

लगेच अर्धी बस, "हो हो, मगाचपासून येतोय वास!"