आमची वाटचाल : गरम पाण्याची प्रेशर वॉशर आणि आगीचा बंदोबस्त

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आम्ही वर्कशॉप सुरू केले, तेव्हा पंपांचे सील आणि व्हॉल्व्ह बदलणे एवढेच काम होते. पुढे आडगावकडची ट्रक गॅरेजे आणि दिंडोरीकडच्या वायनरी यांच्याकडे डिझेल बर्नरवर पाणी तापवून त्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारी वॉशर आली आणि त्यांची देखभाल हाच आमचा मुख्य धंदा झाला. त्याबरोबर आगीची जबाबदारीही आली.

आमच्याकडे भाजलेल्या अवस्थेत आलेल्या बहुतेक यंत्रांची कथा सारखीच असते. इलेक्ट्रोडमधले अंतर बिघडले किंवा ट्रान्सफॉर्मर कमजोर झाला की ठिणगी पडत नाही, नोझल मात्र डिझेलचा फवारा मारतच राहते. ऑपरेटर पुन्हा पुन्हा स्विच दाबतो, न जळलेले तेल कॉइलखाली, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीच्या वेटोळ्याखाली, साचते आणि अखेर ठिणगी पडली की ते सगळे एकदम पेटून ज्वाला धुराड्याबाहेर येते. अशा यंत्राचे झाकण उघडले की तळाशी डिझेलने ओली झालेली काजळी बोटाला लागते. धुराड्यातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येणे ही तेल न जळताच बाहेर पडत असल्याची आगाऊ सूचना असते. म्हणून दोनदा प्रयत्न करूनही बर्नर पेटला नाही, तर यंत्र बंद करून तळ कोरडा पुसल्याशिवाय तिसऱ्यांदा स्विच दाबायचा नाही, हे आम्ही प्रत्येक ऑपरेटरला शिकवतो.

दुसरे कारण आम्हाला अधिक अस्वस्थ करते. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहत असेल तरच बर्नर चालू देणारा स्विच, अडकतो आणि काम थांबू नये म्हणून कोणीतरी तो वगळून तारा थेट जोडतो, म्हणजे ‘डायरेक्ट’ करून देतो. मग कॉइलमधले पाणी थांबले, तरी बर्नर जळतच राहतो. कॉइल कोरडी तापते, शेजारचा होज फाटतो आणि जवळून जाणारी इंधनाची नळीही वितळते. असा स्विच मूळ जागी जोडू न देणाऱ्या ग्राहकाचे यंत्र आम्ही दुरुस्त न करता परत करतो. त्यात काही ग्राहक गेले, तरीही हा नियम आम्ही सोडलेला नाही.

डिझेल सहजासहजी पेटत नाही, या समजावर विसंबणेही धोक्याचे आहे. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान 35 अंश सेल्सिअस असतो आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या यंत्राची टाकी त्याहून सहज गरम होते. त्यात चुकून पेट्रोल मिसळले, तर थंडीतही वाफ पेटू शकते. म्हणूनच बर्नर बंद करून काही मिनिटे थंड पाणी फिरवावे, यंत्र निवल्यावरच इंधन भरावे आणि ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे, या अटी आमच्या वार्षिक करारात लेखी असतात.

वायनरींचा द्राक्षहंगाम जानेवारी ते मार्च असल्याने त्यांची यंत्रे आम्ही डिसेंबरमध्येच उघडून कॉइल, नोझल आणि इंधनाच्या नळ्या तपासून देतो.