डायलिसिसच्या पाण्यासाठी कार्बन भरताना : माझा अनुभव

बडोद्यात नळाला आजवा तलावाचं पाणी येतं, नाहीतर मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं. कमी पडलं की बोअर आणि टँकर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच, आणि त्यात अमोनिया मिसळलेला असला की क्लोरामाइन तयार होतं. पिणाऱ्याच्या पोटात ते जिरून जातं. डायलिसिसला मात्र मिनिटाला ५०० मिली, म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी पातळ पडद्याआडून रुग्णाच्या रक्ताला भिडतं. क्लोरामाइन आरओतूनही निसटतं आणि तांबड्या पेशी फोडतं. म्हणून एकूण क्लोरीन (मुक्त क्लोरीन आणि क्लोरामाइन मिळून) लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि ते अडवायचं काम आरओआधीच्या टाक्यांत भरलेल्या सक्रिय कार्बनचं.

घोळ होतो तो मापात. विक्रेता ‘तासाला हजार लिटरचं व्हेसल’ (कार्बनची टाकी) म्हणून मोकळा होतो. बघायचं असतं ते पाणी कार्बनमध्ये किती वेळ राहतं. कार्बनचे लिटर भागिले मिनिटाचा प्रवाह. दोन टाक्या एकीमागे एक, प्रत्येकीत निदान ५ मिनिटं. आमचा आरओ तासाला ५०० लिटर शुद्ध पाणी देतो आणि तितकंच रिजेक्टला, म्हणजे टाकाऊ म्हणून, सोडतो, म्हणजे कार्बनमधून जातात १०००, मिनिटाला १६.७. नुसत्या शुद्ध पाण्यावर हिशेब मांडला की कार्बन निम्माच पडतो, आणि हीच चूक सर्रास दिसते. १६.७ गुणिले ५ म्हणजे ८३ लिटर. कार्बन लिटरला साधारण अर्धा किलो भरतो, म्हणून टाकीमागे २५ किलोच्या दोन गोण्या. १०×५४ इंची (व्यास×उंची) व्हेसल इथे पुरत नाही, १६×६५ घेतलं. बॅकवॉशला, म्हणजे पाणी उलटं खालून वर सोडून धुताना, थर फुगायला वर जागा लागते. कार्बन नारळाच्या करवंटीचा, १२×४० जाळीचा (दाण्याचं माप), आयोडीन नंबर (शोषून घेण्याच्या ताकदीचं माप) ९०० च्या वरचा.

भरताना मधल्या पाइपाचं तोंड चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर दाणे आत जातात. खाली गारगोटी, वर कार्बन, तोंडाला मास्क. मग पाणी भरून रात्रभर भिजत ठेवायचं, कारण कोरड्या दाण्यांत हवा अडकलेली असते. सकाळी काळं पाणी थांबेपर्यंत बॅकवॉश. घाई केली तर ती बुकणी आरओआधीची ५ मायक्रॉनची गाळणी, म्हणजे कार्ट्रिज, तुंबवते.

बॅकवॉशने थर मोकळा होतो, कार्बन ताजा होत नाही. ‘परवाच बॅकवॉश केलाय’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

तपासणीचा नळ दोन टाक्यांच्या मध्ये हवा. आरओ १५ मिनिटं चालल्यावर तिथलं पाणी घ्यायचं, रोज पहिल्या शिफ्टआधी आणि नंतर प्रत्येक शिफ्टआधी. डीपीडीने (क्लोरीन असलं की गुलाबी होणारं रसायन) एकूण क्लोरीन बघायचं. नुसतं मुक्त क्लोरीन मोजलं तर क्लोरामाइन दिसतच नाही. पहिल्या टाकीनंतर ०.१ ओलांडलं की दुसरीनंतरचं तपासा. ते ठीक असेल तर तासातासाला तपासत काम चालू ठेवता येतं, पण कार्बन ७२ तासांत बदलायचा. दुसरीनंतरही ओलांडलं तर डायलिसिस तिथेच बंद. बदलताना जुनी दुसरी टाकी पुढे आणायची, नवा कार्बन नेहमी मागे.

आकडा एकाएकी चढला तर कार्बनला दोष देण्याआधी इमारतीची खालची टाकी कधी धुतली ते विचारा. धुऊन झाल्यावर अंदाजाने ओतलेली ब्लीचिंग पावडर थेट आपल्याकडे येते. आमच्याकडे टाकीच्या झाकणावरच गुजरातीत लिहून ठेवलंय: पावडर टाकण्याआधी डायलिसिसला फोन.