वर्ष तिसरं: क्रॅबअ‍ॅपल की सर्व्हिसबेरी, एकदाचं ठरलं

तर मंडळी, अंगणात कुठलं शोभेचं झाड लावायचं हा घोळ तिसऱ्या वर्षी मिटला: खड्डा खणून झाला आणि सर्व्हिसबेरीचं झाड आळ्यात बसलंसुद्धा. माझं अंगण झोन ४ मध्ये येतं (हिवाळा किती कडक त्यावरून पाडलेले पट्टे, आकडा लहान तितकी थंडी जास्त), म्हणजे थंडी उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरू शकते, त्यामुळे जपानी मेपलचा नाद पहिल्याच वर्षी सुटला. तो साधारण झोन ५ पासूनचा, भिंतीच्या आडोशाला लावला तरी वसंतात वरच्या फांद्या काळ्या पडल्या आणि नंतर फुटवा आला तो कलमाच्या खालून, म्हणजे नुसता खुंट जगला, त्यावर कलम केलेली जात गेली. फार जीवाला लागलं ते. तसलंच नाजूक पान हवं असेल तर कोरियन मेपल बघा, तो झोन ४ ला टिकतो.

मग स्टार मॅग्नोलिया. झाड थंडीत मरत नाही, पण फुलतं इतकं लवकर की एका रात्रीच्या फ्रॉस्टमध्ये सगळी फुलं तपकिरी. तेव्हापासून मी कुठलंही झाड बघताना किती उणे सोसतं याच्याबरोबर कळ्या कधी उघडतात हेही विचारते.

राहिले दोन. क्रॅबअ‍ॅपल म्हणजे बारक्या फळांचं शोभेचं सफरचंद, त्याचा बहर म्हणजे डोळ्यांचं पारणं फेडणारा, आणि बारकी फळं हिवाळाभर फांदीवर राहतात, पण स्कॅब (पानांवरचा बुरशीचा रोग) धरणारी जात असेल तर भर उन्हाळ्यात पानं डागाळून गळायला लागतात. लावायचंच तर प्रेरीफायरसारखी रोगाला दाद न देणारी जात घ्या. सर्व्हिसबेरीचा बहर तसा थोडे दिवसच, पांढरा, पण पुढे उन्हाळ्याच्या सुरुवातीला खाता येणारी जांभळी फळं (पक्षी आधी पोचतात!), शरदात केशरी-लाल पानं आणि पानं गेल्यावर ती गुळगुळीत राखाडी साल, बर्फात काय सुंदर दिसते! वर्षातले पाच-सहा महिने झाड निष्पर्णच बघायचं असतं ना, मला तिथेच ते जिंकलं. जवळ ज्युनिपर (सुईसारख्या पानांचं सदाहरित झुडूप) असेल तर मात्र फळांवर नारिंगी तांबेरा येतो, आधी आजूबाजूला बघून घ्या.

मी लावलेली सर्व्हिसबेरीची जात ऑटम ब्रिलियन्स, तीन खोडांची. कुंडीतून काढली तर मुळं गोल गोल वेटाळलेली, ती कापून मोकळी केली, आणि वरची माती खरवडली तेव्हा कुठे खोड रुंद होऊन मुळं फुटतात तो भाग दिसला, तो जमिनीच्या वरच ठेवलाय. पालापाचोळ्याचा थर ६-७ सेंमी, खोडाला न टेकवता.

आता बर्फाच्या आधी तिन्ही खोडांना पांढरं गार्ड, म्हणजे खोडाभोवतीचं संरक्षक वेष्टण. सशांसाठी तर हवंच, पण हिवाळ्यात दुपारच्या उन्हाने नैऋत्येकडची साल तापते आणि सूर्य बुडाला की झटक्यात गोठते, तिथेच उभी चीर जाते. गार्ड वसंतात काढायचं, तेव्हा कळ्यांचे फोटो टाकते.