लाल पट्टा

रविवार, रात्री

सकाळी पोहे-जलेबी हाणून जामगेटला गेलो, आई-बाबा मागच्या सीटवर, आणि वर पोचतो तर धुकं एवढं की अहिल्याबाईंच्या काळातलं ते दगडी दार पण पार जवळ गेल्यावर दिसलं, खालचं निमाड तर सोडूनच द्या. अर्धं इंदूर तिथेच. भुट्टे खाल्ले, वैतागलो, परत निघणार तेवढ्यात बाबा म्हणाले जरा घाटात उतरून बघू.

बरं झालं ऐकलं. रस्त्यासाठी डोंगर कापलाय ना, तिथे काळ्या दगडाच्या मधोमध एक लाल पट्टा होता, विटेच्या रंगाचा, हातभर जाड असेल. याच रस्त्याने महेश्वरला किती वेळा गेलोय, कधी लक्षच गेलं नव्हतं. बाबांना या गोष्टींचं भारी वेड, पावसात छत्री धरून सुरूच झाले. काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मी आपला धूर ओकणारा डोंगर डोक्यात घेऊन बसलेलो, पण तसं नाही, इथे जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पुरासारखा पसरत गेला, एकावर एक थर. अजूनही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हाच दगड आहे, आपला माळवा त्याचं उत्तरेकडचं टोक, तिकडे सह्याद्रीत तर थर जवळजवळ दोन किलोमीटर जाड. म्हणजे आम्ही इंदूरचे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या "आम्ही तिकडून आलो" सांगतो, पण पायाखालचा दगड इथे-तिथे एकच!

आणि तो लाल पट्टा म्हणजे दोन पुरांच्या मधली सुट्टी. लाव्हा थांबला, ऊन-पावसात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिच्यावर बसला, खालची माती भाजली. मी बोटाने खरवडलं तर चक्क माती निघाली. किती वर्षं लागली असतील तेवढी हातभर माती व्हायला, आणि तेव्हा बघायला माणूस नावाचा प्राणीच नाही. डायनासोर होते म्हणा, आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये छापून आलंच होतं. त्याच जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक असले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून शेताच्या राखणीला पुजत होते, ती अंडी निघाली.

परतताना एक पांढरी गारगोटी उचलली, लाव्हातल्या वाफेच्या बुडबुड्यांच्या पोकळीत मागाहून पाणी झिरपून असले खडे जमतात म्हणे. घरी येऊन टेबलावर ठेवली तर आई म्हणते, "आता याला पण शेंदूर फासायचाय का?" बाबा गप्प. कुर्त्यावरचा लाल डाग काही निघत नाहीये, दोनदा सर्फमध्ये भिजवला.